तार, गणकयंत्र आणि डोस्क्यातलं वायरिंग

स्मरणिकेसाठी शाळेच्या आठवणी लिहून पाठवा, असा संपादक मंडळाचा निरोप आला. आठवणी सगळेच लिहिणार. छडी, मधली सुट्टी, बोरं, गॅदरिंगमधलं नाटक, काही सुटणार नाही. मी वीजतंत्राचा शिक्षक. आयुष्यभर पोरांना तारा आणि मोटारी शिकवून निवृत्त झालो. म्हणून म्हटलं, आठवण एकच सांगावी आणि तिच्या मागचा इतिहास जमेल तसा लिहावा. मित्रांनो, लेख जरा कोरडा वाटला तर सांभाळून घ्या.

आठवण १९७६ सालची, आपण नववीत होतो तेव्हाची. विज्ञानाच्या सरांनी टेबलावर मेलेला बेडूक ठेवला, बॅटरीच्या सेलला दोन तारा जोडल्या आणि त्या पायाच्या शिरेला टेकवल्या. पाय झटकन उडाला. मागच्या बाकावरचे दोघे बाहेर पळाले (ते कोण हे मेळाव्यात सांगेन). इटलीतल्या गॅल्व्हानी नावाच्या माणसाने दोनशे वर्षांपूर्वी हाच प्रयोग केला, असं सर सांगत होते. तेवढ्यात आपल्यातला एक जण उठून म्हणाला, ‘‘सर, मंग आपल्या डोस्क्यातबी वायरिंगच असन काय जी?’’

वर्ग हसला. सर हसले नाहीत. थोडा वेळ थांबून म्हणाले, ‘‘असेल. पण ते तपासणारे लोक फार लांब आहेत.’’

प्रश्न विचारणाऱ्याचं नाव लिहीत नाही, तुम्ही ते ओळखलंच असेल. आपल्या बॅचमध्ये गणितात तो पहिला. दहावीनंतर वडील गेले, घरी दीड एकर कोरडवाहू. तो बसस्टँडमागच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. आज ते दुकान त्याचंच आहे. मी अमरावतीला इंजिनिअरिंगला गेलो. त्याच्या प्रश्नाला उत्तर देणारे लोक खरंच किती लांब होते, हे शोधायला मला पुढची चाळीस वर्षं लागली.

आपल्या भागात संशोधन म्हणजे बाहेरच्यांनी येऊन करायची गोष्ट, हा समज जुना आहे आणि त्याला कारणही आहे. लोणारचंच बघा. सरोवर आपलं, दैत्यसूदनाचं मंदिर आपलं, कमळजादेवी आपली. पण हा खळगा ज्वालामुखीचा नसून आकाशातून आलेल्या अशनीच्या धडकेने झाला, हे पुराव्यानिशी मांडणारा गाजलेला लेख १९७३ साली अमेरिकेतल्या ‘सायन्स’मध्ये आला. लेखकांत भारतीय भूशास्त्रज्ञ होते, पण नमुने तपासायला साता समुद्रापार गेले. आपण तेव्हा सहावीत. लोणारची सहलही झाली. त्या सहलीत आपल्याला हे कोणी सांगितलं नाही, कारण सांगणाऱ्यापर्यंतही ते आलेलं नव्हतं.

विजेची तार मात्र आपल्याकडे लवकर आली. खामगावची कापसाची बाजारपेठ एवढी मोठी होती की १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जलंब-खामगाव फाट्याच्या उद्घाटनाला आला. त्याच वर्षी समुद्राखालून मुंबई-सुएझ तार पडली. आठवड्यांनी कळणारा विलायतेचा भाव आता तासांवर आला. म्हणजे आपल्या शेतकऱ्याचा आणि विद्युत संदेशाचा संबंध दीडशे वर्षांचा आहे. संबंध एवढाच, की तारेच्या त्या टोकाला ठरलेला भाव या टोकाला मुकाट्याने घ्यायचा. तार कशी चालते ते शिकवणारं महाविद्यालय जिल्ह्यात यायला शंभराहून अधिक वर्षं गेली.

शिकायचं तर बाहेर जायचं. नागपूरचं विश्वेश्वरय्या महाविद्यालय १९६० चं, अमरावतीचं शासकीय महाविद्यालय १९६४ चं. मुर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा एक मुलगा त्या नागपूरच्या महाविद्यालयातून १९६५ मध्ये अभियंता झाला आणि १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीतून डॉक्टरेट घेऊन बाहेर पडला. ते विजय भटकर. मुरंबा अकोला जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारघरचंच. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. अमेरिका महासंगणक द्यायला हजार अटी घालत होती, तेव्हा तो इथेच करायचा असं ठरलं. मुदत तीन वर्षं, पैसा तीस कोटी. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला.

त्यातली युक्ती शेतकऱ्याच्या पोराला सहज कळण्यासारखी आहे. एकच अचाट वेगाचं यंत्र बनवायचं तर त्याचे भाग बाहेरून मिळत नव्हते. म्हणून बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या चिप घेतल्या आणि त्या ६४च्या संख्येने एकमेकींशी जोडल्या. सोंगणीला एक पहिलवान मिळत नसेल तर चौसष्ट मजूर लावायचे आणि प्रत्येकाला आपापली पात धरून द्यायची. अवघड काम सोंगणीचं नसतं, पाती वाटण्याचं आणि एकाच्या पायात दुसरा येऊ न देण्याचं असतं. संगणकातही तेच. सी-डॅकची खरी मेहनत त्या वाटपाच्या आज्ञावलीत होती.

भटकरांचं नाव आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, सत्कारही खूप झाले. ज्याचं नाव मी इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आणि नंतर शिकवण्याच्या वीस वर्षांत या संदर्भात एकदाही ऐकलं नाही, त्या माणसाबद्दल मला जास्त लिहायचं आहे. त्याची ओळख मला भारनियमनामुळे झाली.

२००६ च्या आसपासची गोष्ट. विदर्भात दिवसाला आठ-दहा तास वीज जायची. मी एका तालुक्याच्या गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात होतो. माझ्या दोन विद्यार्थिनींनी प्रकल्प घेतला होता मेंदूच्या विद्युतलहरी मोजण्याचा, म्हणजे ईईजीचा. जर्मनीत हान्स बर्गर याने १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून या लहरी पहिल्यांदा टिपल्या आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केल्या. कवटीवर त्या मिळतात काही दहा मायक्रोव्होल्टच्या, म्हणजे साध्या सेलच्या काही हजाराव्या भागाच्याही काही भाग. आणि भिंतीतल्या वायरिंगची पन्नास सायकलची गुणगुण अंगावर त्याहून कितीतरी पट जास्त चढते. कीर्तन चालू असताना शेजारी पिठाची गिरणी सुरू असावी, तशातली गत. पोरींनी फिल्टर बसवले, तारांना पीळ दिला, जाळीचं वेष्टन केलं. पडद्यावर मेंदू दिसेना, महावितरणच दिसे.

एका दुपारी लाइट गेली. ॲम्प्लिफायर बॅटरीवर, लॅपटॉपही बॅटरीवर, म्हणून नोंद चालूच राहिली. आणि गुणगुण एकदम थांबली. डोळे मिटले की सेकंदाला दहाच्या आसपास येणारी अल्फा लहर स्वच्छ उमटू लागली. त्यानंतर आम्ही भारनियमनाचं वेळापत्रक बघून प्रयोग लावायचो. भारनियमनाचा सदुपयोग करणारी विदर्भातली एकमेव प्रयोगशाळा आमचीच असावी!

पण एक दुखणं राहिलंच. पापणी लवली की डोळ्यांचा विद्युतझटका मेंदूच्या लहरीवर स्वार व्हायचा. दोन्ही मिसळलेलं वेगळं कसं करायचं? पुस्तकात उपाय होता, ‘कार्हुनेन-लोएव्ह विस्तार’. एक नाव फिनलंडच्या गणितज्ञाचं, दुसरं फ्रान्स-अमेरिकेतल्या. मी फळ्यावर तसंच लिहिलं. त्यातली एक पोरगी दुसऱ्या दिवशी लायब्ररीतून येऊन म्हणाली, ‘‘सर, एका पुस्तकात याच्या आधी कोसंबी असं नाव आहे. ते इतिहासवालेच का?’’

तेच. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात १९०७ मध्ये जन्म, वडील धर्मानंद कोसंबी बौद्ध विद्येचे मोठे अभ्यासक, शिक्षण अमेरिकेत हार्वर्डला. परत येऊन काशी, अलिगढ आणि १९३३ पासून पुण्यात फर्ग्युसनमध्ये गणिताचे शिक्षक. मराठी वाचकाला ते माहीत आहेत प्राचीन भारताचा इतिहास नव्या नजरेने लिहिणारे म्हणून. पण १९४३ मध्ये त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला होता, तेराएक पानांचा. कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट मांडली ती त्यानंतर काही वर्षांनी. आज काळजीपूर्वक लिहिणारे लेखक ‘कोसंबी-कार्हुनेन-लोएव्ह’ असं म्हणतात. बाकीचे अजूनही दोनच नावं लिहितात.

त्या लेखातलं म्हणणं गणिताशिवाय सांगायचं तर असं. कोणतीही वेडीवाकडी, लहरी हेलकावणारी रेघ घ्या. ती ठरावीक आकारांच्या बेरजेत मोडता येते. हे आकार असे निवडता येतात की एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही आणि जोर असलेले आधी येतात, क्षीण मागे. खळ्यात वाऱ्यावर उपणताना जड दाणा जवळ पडतो, हलका पुढे आणि भूस लांब उडतं, तसं. मग पहिले चार-पाच ढीग ठेवले तरी जवळजवळ सगळा माल हाती लागतो. ईईजीमध्ये पापणीचा झटका बहुधा एकाच ढिगात सापडतो. तो ढीग बाजूला करायचा आणि उरलेलं परत एकत्र करायचं. याच तत्त्वावर चित्रं कमी जागेत साठवता येतात, चेहरे ओळखता येतात, आवाज तपासता येतो. पोरींनी ते करून बघितलं आणि चाललं.

मला रात्री झोप आली नाही. फर्ग्युसनमध्ये बसून एका मराठी घरातल्या माणसाने लिहिलेलं सूत्र माझ्या प्रयोगशाळेत फिनलंडमार्गे पोचलं होतं. आणि मी स्वतः तोवर शेकडो मुलांना ते चुकीच्या नावाने शिकवलं होतं.

आणखी एक योगायोग. त्याच १९४३ मध्ये शिकागोत मॅककलॉक हा मेंदूचा डॉक्टर आणि पिट्स हा वीस वर्षांचा पोरगा यांनी एक लेख लिहिला. मज्जापेशी चालू किंवा बंद अशा स्विचसारखी धरली तर पेशींच्या जाळ्याने तर्कशास्त्र करता येईल, असं त्यांनी दाखवलं. डोस्क्यातल्या वायरिंगचं पहिलं गणित ते. आज ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात त्याची एक मुळी तिथे आहे.

कोसंबींनी पुढे गणकयंत्राकडेही लक्ष दिलं. टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, १९४५ मध्ये सुरू झाली आणि होमी भाभांनी त्यांना तिथे बोलावलं. युनेस्कोच्या फेलोशिपवर १९४८-४९ मध्ये ते इंग्लंड-अमेरिकेत गेले ते नव्याने होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास करायला. त्या काळी आपल्या देशात असं यंत्र एकही नव्हतं. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा करणारा हा गृहस्थ रस्त्यात इतिहास वाचे, सुट्टीत डोंगरातले दगड आणि लेणी धुंडाळे आणि कोणाशी पटलं नाही तर तोंडावर बोले. १९६२ मध्ये त्यांचा संस्थेशी संबंध संपला, १९६६ मध्ये ते गेले. एकाच माणसाने इतक्या वाटा चालाव्यात हे तेव्हाच्या विद्वानांना मानवलं नसावं, असं मला वाटतं. आपल्याकडे गणिताचा माणूस गणिताच्या खोलीतच बसलेला बरा दिसतो.

यंत्र बांधलं ते आर. नरसिंहन यांच्या तुकडीने. नरसिंहन मद्रासकडचे, शिक्षण दूरसंचार आणि वीज अभियांत्रिकीचं, मग गणितात डॉक्टरेट. १९५४ मध्ये ते टीआयएफआरमध्ये आले. तुकडी तरुण पोरांची, पूर्ण गणकयंत्र आधी बांधलेला त्यात कोणी नाही. १९५६ पर्यंत नमुना चालला आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र. नेहरूंनी १९६२ मध्ये त्याला ‘टिफ्रॅक’ नाव दिलं. त्यात २,७०० काचेचे व्हॉल्व्ह आणि १२,५०० रेझिस्टर होते, आणि स्मृती किती, तर ४० बिटांचे २,०४८ शब्द. आज माझ्या नातवाच्या खेळण्यातही याहून जास्त असते. पण आपल्यापैकी ज्यांनी रेडिओ दुरुस्ती केली त्यांना ठाऊक आहे की पाच व्हॉल्व्हचा मर्फी नीट चालवणं हेच किती कटकटीचं. सत्तावीसशे एकावेळी चालते ठेवायचे!

मला नरसिंहन आवडतात ते पुढच्या वळणासाठी. यंत्राने चित्र ओळखायचं कसं, यावर त्यांनी अमेरिकेत इलिनॉयला काम केलं, आणि तिथून त्यांच्या डोक्यात शिरलं की लहान मूल बोलायला कसं शिकतं हे कळल्याशिवाय यंत्राच्या बुद्धीबद्दल बोलण्यात अर्थ नाही. १९८१ मध्ये भाषावर्तनावर त्यांचं पुस्तक आलं. तारेपासून निघून, गणकयंत्रावरून, ते माणसाच्या वागण्यापर्यंत पोचले. सगळे एका आयुष्यात, आणि मुंबईत.

त्याच इमारतीत मेंदूचंही काम चालू होतं. १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी तिथे रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. केळावर बसणारी चिलटं हे त्यांचं साहित्य. काही चिलटं अशी सापडली की ऊब दिली की लुळी पडत आणि गार केल्यावर उठून चालू लागत. त्यांच्या मज्जातंतूत विद्युतसंदेश नेमका कुठे अडतो हे सिद्दिकी आणि अमेरिकेतले सेमूर बेंझर यांनी १९७६ मध्ये दाखवलं. सालाकडे लक्ष द्या. आपल्या वर्गात बेडूक उडाला ते हेच वर्ष. सर म्हणाले ‘फार लांब’, ते लांब म्हणजे कुलाबा निघालं, मलकापूरहून रात्रीच्या एका गाडीच्या अंतरावर.

सिद्दिकींची विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज, आई-वडील गोव्याचे, जन्म केनियातला. नळीला फाटा फोडून एका बाजूला वास सोडायचा आणि चिलट कुठे वळतं ते मोजायचं, अशा साध्या प्रयोगांतून तिने वासाची जाण जनुकांपर्यंत नेली. खर्चाचं अवडंबर नाही. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतही ती नळी बसवता आली असती.

‘वागणुकीचं मेंदूशास्त्र’ ज्याला म्हणतात त्याचा सगळ्यात गाजलेला प्रयोग मॉन्ट्रियलचा, १९५४ चा, आणि तो करणाऱ्या दोघांतला पीटर मिल्नर मूळचा वीज अभियंता. युद्धात रडारवर काम केलेला. जेम्स ओल्ड्स आणि त्याने उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली, ती चुकून ठरल्या जागेपेक्षा दुसरीकडे गेली, आणि उंदीर ज्या कोपऱ्यात झटका मिळाला त्या कोपऱ्याकडे परत परत जाऊ लागला. मग खटका दिला. उंदीर तासाला शेकडो वेळा तो स्वतःच दाबू लागला. मेंदूत ‘हवंहवंसं’ वाटण्याचे रस्ते आहेत हे तेव्हा कळलं. माणसाला दारू का सुटत नाही, या प्रश्नाची वाट इथून जाते.

हे सगळं मॉन्ट्रियलला, असं म्हणून मी गप्प बसणार होतो. पण शोधताना कळलं की याच पद्धतीचं काम नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात झालेलं आहे. निशिकांत सुभेदार, नंतर पुण्याच्या आयसरमध्ये गेलेले, आणि दादासाहेब कोकरे. उंदराच्या मेंदूत तार, पेटीत खटका, आणि मेंदूतल्या कार्ट नावाच्या एका प्रथिनाचा त्या हव्यासाशी संबंध काय, अशी चौकशी. जगातल्या नामांकित नियतकालिकांत ते लेख आले. १९८३ च्या मे महिन्यात अमरावती विद्यापीठ निघेपर्यंत नागपूर हेच आपलं विद्यापीठ होतं. माझ्या पदवीवर त्याचाच शिक्का आहे.

आणखी एक काम टीआयएफआरमधलंच, विदिता वैद्य यांचं. उंदराच्या पिलांना लहानपणी आईपासून रोज काही तास दूर ठेवलं तर मोठेपणी त्यांच्यात भीती आणि काळजी कशी राहते, आणि मेंदूतल्या सेरोटोनिनच्या व्यवस्थेत काय फरक पडतो, हे त्यांनी तपासलं. २०२२ मध्ये त्यांना इन्फोसिस पुरस्कार मिळाला. मी ते वाचलं तेव्हा उंदीर डोळ्यांपुढे आले नाहीत. २००६ मध्ये केंद्राने शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात बुलडाणा होता. आपल्या बॅचमधल्या दोघांच्या घरी त्या वर्षांत काय झालं ते इथे लिहीत नाही. त्या घरांतली लेकरं आज तिशीत आहेत. आत्महत्येचं कारण मेंदूत शोधू नका, ते कापसाच्या भावात आणि सावकाराच्या वहीत शोधा, हे मला मान्य आहे. पण मागे राहिलेल्या लेकराच्या डोक्यात काय होतं, ते रात्री दचकून का उठतं, हे तपासणारं शास्त्र आहे, आणि आपल्या जिल्ह्यात ते कोणी आणलेलं नाही, हेही तितकंच खरं आहे.

१९८३ मध्येच राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली आणि शेगावला गजानन महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघालं. पुढे मलकापूर, चिखली, बुलडाणा. आपल्या गावांतली पोरं-पोरी घरून डबा घेऊन अभियंता होऊ लागली. त्यातून नोकऱ्या निघाल्या, पुणे-हैदराबाद भरलं. संशोधन त्या मानाने कमी. प्रकल्पाचा विषय पोरं बाजारातून आणतात हे मी स्वतः पाहिलं आहे, आणि मीही काही वेळा डोळेझाक केली आहे.

मागच्या दिवाळीत मी त्या रिवाइंडिंगच्या दुकानात गेलो. तो स्टुलावर बसून पाणबुडी मोटारीची वाइंडिंग भरत होता, चष्मा नाकावर. मी कोसंबींच्या लेखाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवली आणि बेडकापासून सगळं सांगितलं. त्याने हात पुसले, पान उजेडात धरलं, बराच वेळ चिन्हांकडे बघत राहिला.

‘‘म्हंजे असते वायरिंग,’’ तो म्हणाला.

‘‘असते.’’

‘‘अन् हे फर्ग्युसनात लिवलं, आपण जन्मायच्या आधी?’’

‘‘अठरा-एकोणीस वर्षं आधी.’’

तो काही बोलला नाही. ते पान आता त्याच्या काउंटरच्या काचेखाली आहे, तांब्याच्या तारेच्या गेजच्या तक्त्याशेजारी. मेळाव्याला येणाऱ्यांनी बसस्टँडवर उतरलं की जाऊन बघावं.